पिंजऱ्यावरचं फडकं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय जरा विचित्र वाटेल, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून मोकळी होते.

पक्षी पाळणाऱ्या घरात रात्र झाली की पिंजऱ्यावर काहीतरी टाकलं जातं. जुनी चादर, साडीचा तुकडा, नाहीतर टॉवेल. का टाकता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "म्हणजे तो शांत झोपतो." आता यात 'तो' शांत झोपतो की 'आपण' शांत झोपतो, हे काही कुणी स्पष्ट करत नाही. मी याच प्रश्नाच्या मागे लागले आणि भलतीकडेच जाऊन पोचले.

आपल्याकडचा जुना दाखला वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. पोपट-मैनांना बोलायला शिकवणं ही तिथे चौसष्ट कलांमधली एक कला. पण मला मौज वाटली ती दुसऱ्याच तपशिलाची. सुखवस्तू नागरकाचं शयनगृह कसं सजवावं याचं वर्णन करताना तो खेळातल्या पक्ष्यांचे पिंजरे ठेवतो ते शयनगृहाच्या बाहेर. याचं कारण अमरुशतक वाचलेल्यांना माहीत असेल. तिथल्या एका घरात पोपट रात्रभर नवराबायकोचं बोलणं ऐकतो आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर ते जसंच्या तसं म्हणू लागतो. बिचाऱ्या सुनेची त्रेधातिरपीट! आजवर हे वाचून आपण हसत आलो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. तो पोपट रात्री जागा होता.

युरोपात हे फडकं आलं ते शिकवणीसाठी. कॅनरी हा मूळचा आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवरचा. पंधराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती बेटं जिंकली, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हा पक्षी युरोपभर घरोघरी पोचला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एर्व्ह्यू द शांतलू नावाच्या फ्रेंच गृहस्थाने कॅनरी पाळण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कॅनरीला माणसाची गाणी शिकवायची तर पक्षी एकटा ठेवायचा, पिंजरा कापडाने झाकायचा आणि तीच तीच धून वाजवत राहायची, अशी ती पद्धत. धून वाजवून वाजवून दमायला नको म्हणून फ्रान्समध्ये 'सेरिनेत' नावाची हाताने फिरवायची छोटी वाद्यपेटीही निघाली. 1751 साली शार्दॅं या चित्रकाराने, पिंजऱ्यासमोर बसून ही पेटी फिरवणाऱ्या बाईचं चित्र रंगवलं. चित्र फार शांत, सुंदर आहे. पण विद्यार्थ्याला वर्गातून उठून जायची सोय नाही, हे आठवलं की ते चित्र जरा वेगळं दिसायला लागतं.

जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरात झांक्ट आंद्रेआसबेर्ग नावाचं गाव आहे. तिथे चांदीच्या खाणी होत्या. खाणकामगार फावल्या वेळात कॅनरी वाढवत आणि विकत. चोच मिटून, घोळवून गाणारी तिथली 'हार्ट्झ रोलर' जात जगभर गेली. तिला तयार करताना पक्षी लहानशा लाकडी पिंजऱ्यात आणि पिंजरे कपाटात ठेवले जात. दार किती उघडायचं, उजेड किती द्यायचा हे मालक ठरवणार. दिवसभर स्वतः जमिनीखाली अंधारात राबणारी माणसं घरी येऊन पाखरांचा अंधार-उजेड मोजत होती. मला हे वाचून त्यांचा राग नाही आला. पोटासाठीच चाललं होतं सगळं. गावातली शेवटची खाण 1910 साली बंद पडली. आज तिथे कॅनरीचं संग्रहालय आहे.

राग आला तो फ्लँडर्समधल्या गोष्टीचा. बेल्जियमच्या या भागात 'चॅफिंच' नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या गाण्याच्या शर्यती सोळाव्या शतकापासून लागतात. तासाभरात कुणाचा पक्षी जास्त वेळा गातो, ते मोजायचं. पक्ष्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तापलेल्या तारेने त्याच्या पापण्या कायमच्या बंद करत. फडक्याची भानगडच नको! हे थांबायला 1920 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांमध्ये पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक होते. अंधार म्हणजे काय हे ज्यांना कळलं होतं तेच पाखरांच्या बाजूने उभे राहिले. आता तिथे शर्यतीला उजेड आत येईल पण बाहेरचं दिसणार नाही अशा लाकडी पेट्या वापरतात.

गंमत अशी की, अंधार-उजेडाशी पक्ष्याचं काय नातं आहे हे पारध्यांना आणि शौकिनांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. हॉलंड-बेल्जियमकडचे पक्षी धरणारे आपला भुलवणीचा पक्षी वसंतात आणि उन्हाळ्यात अंधारात ठेवत. शरद ऋतूत उजेडात आणला की त्याला वाटे वसंतच आला, आणि तो गायला लागे. जपानी लोकांनी उलटं केलं. थंडीच्या दिवसांत सूर्यास्तानंतर पिंजऱ्याशी दिवा लावून ते पक्ष्याला आधीच गायला लावत. या पद्धतीचं नाव 'योगाई'. पुढे कॅनडात विल्यम रोवन या प्राध्यापकाने कडाक्याच्या थंडीत 'जंको' पक्ष्यांचा दिवस विजेच्या दिव्यांनी थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर बर्फ असताना त्यांच्या शरीरात वसंताची तयारी सुरू झाली. हे त्याने 1925 साली प्रसिद्ध केलं. पक्षी भिंतीवरचं कॅलेंडर बघत नाही, तो रात्रीची लांबी बघतो. म्हणजे आपण हॉलमध्ये बाराला टीव्ही बंद करतो तेव्हा नुसती त्याची झोप मोडत नाही, त्याचा ऋतूही बदलतो.

आता आपल्या घरातल्या पिंजऱ्याकडे येते. 1972 चा वन्यजीव कायदा आणि 1991 ची त्यातली दुरुस्ती यांनी आपल्या रानपक्ष्यांचा व्यापार बंद केला. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे (आमच्या नात्यातल्या काही मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं!). त्यामुळे दुकानात दिसतात ते परदेशी. आपण ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरिगार असतात. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने 1840 साली ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून त्यांचं पाळीव आयुष्य सुरू झालं. तुरेवाला कॉकाटिएलही ऑस्ट्रेलियाचाच.

माझ्या भाचीकडे असाच एक कॉकाटिएल आहे. गेल्या दिवाळीत तिचा रात्री दोन वाजता फोन आला. पिंजऱ्यात अचानक धडाधड आवाज झाला, दिवा लावून बघते तर पक्षी खाली पडलेला, पंख पसरलेले, आणि ताटलीत रक्ताचे थेंब. पंखाचं कोवळं पीस मोडलं होतं. त्यातून रक्त बरंच येतं. फटाका, गाडीचा दिवा, पाल, कशानेही असं होऊ शकतं. कॉकाटिएल यासाठी प्रसिद्धच आहे. आपल्या मूळच्या कोरड्या माळरानात तो थव्याने राहतो. रात्री चाहूल लागली की सगळ्यांनी एकदम उडायचं, एवढं त्याला माहीत. तिथे वर आकाश असतं. इथे चार बोटांवर तारा असतात, आणि अंधारात त्या त्याला दिसत नाहीत.

यावर वाचताना मला इंडियाना स्टेट विद्यापीठातला 1999 सालचा एक अभ्यास सापडला. बदकं एका रांगेत झोपवली, तर टोकाची बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपली. मेंदूचा अर्धा भाग झोपलेला, अर्धा जागा, आणि उघडा डोळा रांगेच्या बाहेरच्या बाजूला. मधल्यांना शेजारी होते, म्हणून ती दोन्ही डोळे मिटू शकत होती. हे वाचून मी बराच वेळ काही बोलले नाही. पिंजऱ्यातल्या एकट्या पक्ष्याला शेजारी कुठे आहेत? तो रोजच रात्री रांगेच्या टोकाला असतो.

मग फडकं टाकायचं की नाही? टाकायचं, पण त्याच्यासाठी. पिंजऱ्याची मागची बाजू भिंतीला, वर आणि दोन्ही बाजूंना सुती कापड, समोरून थोडं उघडं. हवा खेळायला हवी. घाबरट पक्षी असेल तर खोलीत एक मंद दिवा राहू द्यावा, म्हणजे दचकला तरी दांडी कुठे आहे हे त्याला दिसेल. झोपायची वेळ रोज तीच, आणि दहा-बारा तासांची शांत रात्र. लोंबणारी खेळणी आणि आरसा रात्रीपुरता काढून ठेवावा. पिंजरा खिडकीशी नको. तिथून मांजर आत बघतं आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे आत फिरतात. दाराची कडी उंदराला किंवा मांजराला उघडता येणार नाही अशी हवी.

आणि मच्छर कॉइल त्या खोलीत अजिबात लावू नये. ब्रिटिश कोळसा खाणींत कॅनरी नेत, कारण विषारी हवा तिला माणसाच्या आधी बाधते. ही सूचना 1890 च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने केली. 1986 साली यंत्रं आली तेव्हा त्या पक्ष्यांची सुटका झाली. आपल्या बेडरूममधल्या धुराला तोच न्याय लागू आहे.

रात्री धडधड ऐकू आलीच तर दिवा लावण्याआधी त्याला हळूच हाक मारावी. आपला आवाज त्याला ओळखीचा असतो. मग मंद उजेड. तो शांत होईपर्यंत हात आत घालू नये. रक्त असेल तर स्वच्छ कापडाने हलकेच दाबून कॉर्नफ्लोअर लावावं, आणि थांबलं नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जावं.

असो. एवढ्या वाचनातून मला कळलं ते इतकंच: माणसाने पिंजऱ्यावर अंधार टाकला तो गाणं शिकवायला, शर्यत जिंकायला, किंवा सकाळी जरा उशिरापर्यंत झोपायला. पाखराला रात्री भीती वाटते, हे बघायला आपण फार वेळ लावला. ज्याचा थवा आपण काढून घेतला त्याच्या शेजारी रात्री आपणच आहोत, निदान त्याला तसं वाटावं एवढं तरी करावं. कापड तेच आहे. टाकताना मनात कोण आहे, यावर सगळं अवलंबून.