मेंदूला इजा झाल्यावर : माहिती कोठे, आधार कोणाचा?

अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांपुढे एकच प्रश्न असतो : रुग्ण वाचेल ना? उत्तर होकारार्थी मिळाले की देवापुढे नारळ फुटतो आणि काही आठवड्यांनी रुग्ण घरी येतो. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत कुटुंबाची परीक्षा खरे तर तेथून सुरू होते. टाके सुकलेले असतात, काढलेले केस पुन्हा उगवू लागतात. पण घरी आलेला माणूस पूर्वीचा राहिलेला नसतो. शस्त्रक्रिया करणारे सर्जन, व्यायाम शिकवणारा विभाग, दिव्यांगत्वाचा दाखला देणारे सरकारी रुग्णालय आणि नुकसानभरपाई ठरवणारे न्यायाधिकरण आपापले काम करतात. पुढचा सगळा रस्ता एका ठिकाणी बसवून समजावून सांगणारे मात्र सहसा कोणी नसते.

भारतात मेंदूच्या इजेचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले आणि या मृतांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पुण्याने हा शेवटचा आकडा जरूर वाचावा. पडणे हे दुसरे मोठे कारण. माजी केंद्रीय मंत्री जसवंतसिंह ऑगस्ट २०१४ मध्ये घरात पडले, कोमात गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. या सहा वर्षांच्या काळातला भार कोणत्याही कुटुंबावर कसा पडत असेल, याची कल्पना करता येते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण नरी कॉन्ट्रॅक्टर यांचे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्यावर आदळला. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, कसोटी मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा आली नाही. कवटीत बसवलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढण्यात आली. तेव्हा 'डोक्याला मार' या एका शब्दप्रयोगाखाली अतिशय भिन्न नियती दडलेल्या असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे.

इजा किती गंभीर?

मेंदू कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. डोके वेगाने आपटले की तो आतल्या हाडावर आदळतो, पिळला जातो. रक्तवाहिनी फुटली तर रक्ताची गुठळी होते. चेतापेशींचे लांब तंतू ताणले किंवा तुटले तर मेंदूच्या भागाभागांतील संपर्कच बिघडतो. गुठळी सीटी स्कॅनमध्ये दिसते, तंतूंची इजा मात्र अनेकदा दिसत नाही. 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ 'काही झालेले नाही' असा नव्हे.

इजेचे प्रमाण मोजण्यासाठी ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजपट्टी आजही जगभर वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण दिले जातात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. केस पेपरवर 'जीसीएस' या अक्षरांपुढे हा आकडा असतो. तो कुटुंबाने आपल्या वहीत उतरवून ठेवावा. पुढे प्रत्येक डॉक्टर आणि प्रत्येक वकील तो विचारणार आहे.

अपघातानंतर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचाही उपयोग नाही. तिला कुशीवर वळवावे. मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता अनाठायी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. घरी पाठवलेल्या रुग्णाला वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा आकडी सुरू झाली, अथवा नाका-कानांतून पाण्यासारखा द्रव येऊ लागला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांची गोष्ट वेगळीच. किरकोळ पडल्यानंतर काही आठवड्यांनी आजोबा विसरू लागतात, चालताना झोकांड्या जातात आणि घरचे म्हणतात, 'वय झाले.' वास्तविक ही हळूहळू साठलेल्या रक्ताची गुठळी असू शकते आणि बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने ती काढता येते.

घरी परतलेला अनोळखी माणूस

हात-पाय लुळे पडले तर ते सर्वांना दिसते. मेंदूच्या पुढच्या भागाची इजा दिसत नाही. शांत स्वभावाचा गृहस्थ भाजीवाल्याच्या अंगावर धावून जातो. हिशेबात चोख असलेली बाई दूध उतू जाईपर्यंत ओट्यापाशी नुसती उभी राहते. नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, तासाभराच्या कामाने थकवा येतो, गर्दी आणि गोंगाट सहन होत नाही. आपल्यात काही बदलले आहे याची जाणीवच कित्येक रुग्णांना नसते आणि तो हट्ट नसून इजेचाच भाग असतो. नातेवाइकांना मात्र हे आळस, नाटक किंवा माज वाटते. घरात होणारी निम्मी भांडणे या एका माहितीने टळू शकतील.

वास येणे बंद होणे हेही बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत घडते आणि त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही. ज्याला गळणाऱ्या गॅसचा वास येत नाही त्याला स्वयंपाकघरात एकटे सोडणे धोक्याचे आहे. दुचाकी पुन्हा चालवू देण्यापूर्वी, विशेषतः आकडी येऊन गेली असेल तर, न्यूरॉलॉजिस्टची स्पष्ट परवानगी घ्यावी.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण ती तेथे थांबत नाही; दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही ती मंद गतीने चालू राहते. म्हणूनच पुनर्वसन लवकर सुरू होणे महत्त्वाचे. त्यात फिजिओथेरपिस्टइतकेच महत्त्व ऑक्युपेशनल थेरपिस्टला आहे. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, बसप्रवास अशी रोजची कामे पुन्हा शिकवणारी ही विद्या भारतात रुजली ती मुंबईतच : कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा काढली. हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. वाचा गेलेल्या किंवा शब्द न आठवणाऱ्या रुग्णासाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-उपचार मिळतात. स्मृती, एकाग्रता आणि निर्णयक्षमता यांची पद्धतशीर तपासणी न्यूरोसायकॉलॉजिस्ट करतात. बंगळुरूच्या निम्हान्सने भारतीय रुग्णांसाठी २००४ मध्ये सिद्ध केलेला चाचण्यांचा संच त्यासाठी वापरला जातो. कल्याण-बदलापूरहून चाकाच्या खुर्चीतला रुग्ण आठवड्यातून तीनदा हाजीअलीला नेणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी महिन्यातून एकदा थेरपिस्टकडून घरच्यांनी व्यायाम व सराव शिकून घ्यावा आणि तो रोज घरी करावा, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

कागद जपावेत

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' माहिती देतात. रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात. वाहन पळून गेले असल्यास गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. या साऱ्या मदतीचा भर रुग्णालयावर आहे. नंतरच्या महिनोन्महिन्यांच्या थेरपीचा आणि ब्युरोतून ठेवलेल्या माणसाच्या पगाराचा खर्च कुटुंबाच्याच माथी राहतो.

तो भरून काढण्याचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. ही मुदत न्यायालयीन वादाचा विषय ठरली असली तरी ती पाळणेच शहाणपणाचे. एफआयआर, पंचनामा, एमएलसीची नोंद, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक स्कॅन आणि प्रत्येक बिल यांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे की, शरीराचे अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली हे पाहायचे असते. २०२० च्या एका निकालाने तर मोठा आधार दिला. बाराव्या वर्षी डोक्याला इजा झालेल्या आणि पूर्णतः परावलंबी झालेल्या मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने दोन परिचारकांचा खर्च १८ वर्षांच्या गुणकाने धरला. त्यापोटी २१ लाख ६० हजार आणि एकूण ६२ लाख २७ हजार रुपये भरपाई मंजूर झाली. परिचारकाचा खर्च मागितला तर मिळू शकतो. अनेक दाव्यांत तो नीट मागितलाच जात नाही.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याची वाट मात्र बिकट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; मेंदूची आघातजन्य इजा त्यांत स्वतंत्रपणे नाही. हालचाल, वाचा, दृष्टी, मानसिक आजार किंवा बहुविध दिव्यांगत्व अशा एखाद्या रकान्यात रुग्णाला बसवावे लागते. हातापायांची ताकद मोजली जाते आणि हरवलेली स्मृती मोजायची राहून जाते. म्हणून न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचा लेखी अहवाल सोबत न्यावा. शासकीय नोकरी असल्यास याच कायद्याचे कलम २० महत्त्वाचे आहे : सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही.

रुग्ण कोमात असेल तर बँकेचे खाते वापरण्याचा पेच उभा राहतो, कारण त्याला मुखत्यारपत्रावर सही करता येत नाही. कोमातील रुग्णासाठी पालक नेमण्याची सुटसुटीत तरतूद कोणत्याच केंद्रीय कायद्यात नसल्याने कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने पती-पत्नी वा मुलांना असे पालकत्व अनेकदा दिले आहे, तर केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

सोबत शोधताना

ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये 'हेडवे' ही संस्था उभी राहिली. अमेरिकेत १९८० पासून राष्ट्रीय संघटना आहे. दोघींची माहितीपत्रके विनामूल्य मिळतात, पण ती इंग्रजीत आहेत. भारतात जोधपूरचे गजसिंह यांनी, पुत्र शिवराजसिंह यांना २००५ मध्ये पोलो खेळताना झालेल्या इजेनंतर, २००७ मध्ये इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन स्थापन केले. मराठी कुटुंबांना जवळचा आधार बहुधा शेजारच्या विषयातील गटांत सापडतो. इजेनंतर अपस्मार जडला असेल तर पुण्यातील 'संवेदना' हा त्यांपैकी एक. सांभाळणारी पत्नी वा आई स्वतः खचत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

'हेडवे'ने २०१७ मध्ये रुग्णांसाठी ओळखपत्र सुरू केले. अडखळत चालणाऱ्या, अस्पष्ट बोलणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी दारूडा समजू नये, हा त्यामागचा हेतू. तशी छापील सोय येथे नसली तरी नाव, इजेची तारीख, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी मराठीत लिहिलेली, प्लास्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात ठेवता येते.