छातीवरचा विजयस्तंभ : टी-शर्ट, कोड आणि कोरेगाव भीमा

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा ऑफिसात काम करतोय असं दाखवत असाल, तर इयरफोन नीट लावा. आजचा विषय आहे टी-शर्ट. हो, इतिहासाच्या पॉडकास्टवर टी-शर्ट!

मी मूळचा कोरेगाव भीमाचा. खराडीत कोड लिहितो आणि फावल्या वेळात टी-शर्टची डिझाइन्स करतो. गेल्या डिसेंबरात एक केलं होतं. काळ्या कापडावर पांढरी अक्षरं : ‘४०४ : जात सापडली नाही’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागितलेलं पान सर्व्हरला सापडलं नाही की ४०४ हा एरर येतो. ग्रुपवर टाकलं, पोरं हसली. मग आत्याला दाखवलं, अर्थही समजावला. ती म्हणाली, “सापडली नाही कशी? तुझ्या ॲडमिशनच्या वेळी व्हॅलिडिटीसाठी चकरा मी मारल्यात की.”

विनोद जागेवर क्रॅश. पण डोक्यात एक प्रश्न राहिला. अंगावर मिरवलेल्या अक्षरांना खरंच काही वजन असतं का?

आमच्या गीक लोकांच्या दुनियेत याचं एक भारी उदाहरण आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या कायद्यात मजबूत एन्क्रिप्शन हे चक्क शस्त्रांच्या यादीत होतं. ते देशाबाहेर पाठवायचं तर परवाना लागायचा. १९९५ मध्ये ॲडम बॅक या ब्रिटिश तरुणाने आरएसए हे अल्गोरिदम पर्ल भाषेतल्या मोजक्या ओळींत बसवलं आणि ते टी-शर्टवर छापलं गेलं. म्हणजे कायदा अक्षरशः लावला, तर हा टी-शर्ट घालून विमानात बसणं ही शस्त्रांची निर्यात! बघणाऱ्याला वाटावं, छपाई बिघडलीय. कळणाऱ्याला मात्र पक्कं कळायचं, की हा माणूस सरकारला विचारतोय : मला अडवून दाखव.

म्हणजे टी-शर्टवरचा विनोद हा बऱ्याचदा दावा असतो. आता आपल्या गावाकडे येऊ.

१ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघालेली. भीमेकाठी कोरेगावात तिची दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी गाठ पडली आणि दिवसभर लढाई झाली. कंपनीने १८२१ मध्ये तिथे स्तंभाची पायाभरणी केली. गंमत म्हणजे, नाव कोरेगावचं असलं तरी स्तंभ उभा आहे नदीपलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत.

हा स्तंभ कंपनीने स्वतःच्या कौतुकासाठी बांधला. पण पुढे जे झालं त्याला आमच्या भाषेत ‘फोर्क’ म्हणतात. म्हणजे मूळ कोड तोच, पण दुसऱ्या कुणीतरी तो उचलून आपल्या कामासाठी पुढे न्यायचा.

१८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ नावाचं खूळ डोक्यात घेऊन महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या पूर्वजांची नावं स्तंभावर होती, त्यांनाच दार बंद! तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी याच स्तंभापाशी सभा घेतल्या आणि १९१० मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून थेट विलायतेच्या सरकारकडे अर्ज केला. पुढे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब इथे आले आणि त्या दगडाचा अर्थच बदलला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ आला. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ला बदलला.

लक्षात आलं का? टी-शर्टवर येण्याच्या कितीतरी आधी हा स्तंभ लोकांनी अंगावर घातला होता. आज १ जानेवारीला पेरणे फाट्यावर पुस्तकं, कॅलेंडरं, निळे झेंडे यांच्या शेजारी जे टी-शर्ट टांगलेले असतात, ते त्याच बिल्ल्याचे नातू आहेत.

नातवंडं वाढली ती तंत्रामुळे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, त्यामुळे दोन-चार नग परवडत नाहीत. डिजिटल छपाईत एकच टी-शर्टही निघतो. मग आमच्यासारखे लॅपटॉपवाले घुसले. इन्स्टाग्रामवर ‘बेकरी प्रसाद’ या नावाने काम करणाऱ्या सिद्धेश गौतम यांच्यासारखे कलाकार आंबेडकरी विषय डिजिटल चित्रांत आणायला लागले. अडचणी होत्याच. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरला देवनागरीच्या वेलांट्या कळायच्या नाहीत. ‘विजय’ टाइप करावं तर छापून यायचं ‘वजिय’. लढाई जिंकली आणि फॉन्टने हरवली!

आता कडू गोळी. टी-शर्टवर सगळ्यात जास्त दिसतं ते ‘५०० विरुद्ध २८,०००’. हे म्हणजे जेपेग आहे मंडळी. फाइल हलकी होते, पण तपशील उडतो. ५०० हा आकडा साधारण कंपनीच्या पायदळाचा. सोबत अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि २४ गोरे तोफवाले होते. पेशव्यांची सगळीच्या सगळी फौज काही एकाच वेळी गावात घुसली नव्हती. स्तंभावर कंपनीच्या मृतांची ४९ नावं आहेत. त्यातली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. बाकीच्यांत मराठा आहेत, राजपूत आहेत, मुसलमानही आहेत.

याने दावा लहान होतो का? मला नाही वाटत. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्यांची नावं दगडावर बाकीच्यांच्या रांगेत कोरली गेली. ही गोष्ट आकडा फुगवल्याशिवायही तेवढीच मोठी आहे. उलट फुगवलेला आकडा कुणीही एका रिप्लायमध्ये पाडतो, आणि त्याबरोबर खरी गोष्टही पडते.

आमच्या गावात याला आणखी वजन आहे. २०१८ च्या १ जानेवारीला इथे हिंसा झाली. तेव्हापासून मी घराबाहेर पडताना आई आधी माझा टी-शर्ट वाचते, मग चेहरा बघते. त्यामुळे काय छापायचं, हा माझ्यासाठी नुसता डिझाइनचा प्रश्न उरलेला नाही.

शेवटी मी दोन बदल केले. पुढचा कोड बदलला. आत्याचं बरोबर होतं, ४०४ म्हणजे गोष्ट सापडतच नाही. ४०३ म्हणजे गोष्ट समोर आहे, पण तुला आत यायला मनाई आहे. आता टी-शर्टवर आहे ‘४०३ : प्रवेश नाकारला. पुन्हा प्रयत्न करतोय, १८१८ पासून’. आणि पाठीवर ती नावं. २२ नाही, सगळी ४९. अक्षरं बारीक झालीत, वाचायला जवळ यावं लागतं.

आत्याने चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाली, “हां, आता बरोबर. पण धुताना उलटा करून धू, नावं जायची.”

तुमच्या कपाटात असा एखादा टी-शर्ट असेल, तर त्याची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. जय भीम!