पांढऱ्या चेहऱ्यामागची गोष्ट

आम्ही कळव्याच्या बायका. आज आम्ही बोलणार आहोत मेकअपवर. "बचत गटाच्या बायकांना हे काय सुचलं?" असं म्हणू नका. आधी ऐका तरी.

महिला दिनाला आमच्या गटाने कार्यक्रम ठरवला होता. एकीने जिजाऊ व्हायचं, एकीने सावित्रीबाई, आणि आमच्यातल्याच एकीच्या लेकीने जुन्या सिनेमातली नायिका. आम्ही निवडला 1959 सालचा 'सांगत्ये ऐका'. अनंत माने यांचा तमाशापट, नायिका जयश्री गडकर. नऊवारी, नथ, अंबाडा, टपोरे डोळे. मोबाईलवर फोटो लावला आणि पोरीला आरशासमोर बसवलं.

फोटो कृष्णधवल. त्यातला चेहरा कसा उजळ, दुधासारखा! म्हणून आम्ही दोन छटा गोरं फाउंडेशन थापलं, वर पांढरी पावडर. गटातल्या सगळ्यांत मोठ्या काकू बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पोरीला नटवताय की भिंतीला चुना देताय?" आम्ही हसलो. पोर हसली नाही. आरशात बघून हळूच म्हणाली, "मावशी, ही मी नाहीच."

तिचा रंग सावळा. नटवायच्या नावाखाली आम्ही तिला गोरी करायला निघालो होतो. खोबरेल तेल घेतलं आणि सगळं पुसून काढलं. मग मात्र आम्हांला प्रश्न पडला, हा पांढरा चेहरा आला कुठून?

त्यासाठी जावं लागतं थेट 1913 सालात. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्यात राणी तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू जाणं, अशी समजूत. शेवटी उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई मात्र या उद्योगात पहिल्यापासून राबत होत्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत आणि फिल्म धुण्याचं कामही शिकल्या होत्या.

त्या काळच्या फिल्मची एक गंमत होती. तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल ते काळं उमटे आणि निळं ते पांढरं. घरात पणजीचा फार जुना फोटो असेल तर बघा. कपाळावरचं लालभडक कुंकू काळं दिसेल. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगातही तांबूस झाक असते, म्हणून तोंड होतं त्याहून काळपट यायचं. त्यामुळे फिकट रंगाचा लेप देणं भाग पडे. म्हणजे तो पांढरेपणा यंत्राची गरज होती. सौंदर्याचा नियम नव्हता. फिल्म सुधारली, पण "पांढरं ते सुंदर" ही खोड काही गेली नाही.

1920 नंतरच्या वर्षांत सगळे रंग टिपणारी कृष्णधवल फिल्म वापरात आली. तिकडे अमेरिकेत मॅक्स फॅक्टर नावाच्या रंगभूषाकाराने तिच्याजोगे नवे रंग बनवले. पुढे रंगीत सिनेमासाठी त्याच्या कंपनीने ओल्या स्पंजने लावायची वडी काढली, तीच 'पॅनकेक'. तो शब्द शाळेच्या गॅदरिंगपासून तमाशाच्या फडापर्यंत आजही ऐकू येतो. त्याआधीच्या रंगपटात काय असे? मुर्दाडशिंग आणि हिंगूळ. एकात शिसं, दुसऱ्यात पारा! नटांनी ते रोज तोंडाला फासलं. म्हणून सांगतो, ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि घटक छापलेले नाहीत, ते गोरं करणारं क्रीम फुकट मिळालं तरी घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही खारीगावातल्या एका पार्लरवाल्या ताईंना बोलावलं. त्यांनी काय केलं ते सांगतो, तुमच्या कार्यक्रमाला उपयोगी पडेल.

आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक वस्तू कानामागे थोडी लावून बघितली. खाज नाही, पुरळ नाही, मगच पुढे. फाउंडेशन निवडताना हातावर बघितलं नाही, जबड्यापाशी बघितलं. जे त्वचेत मिसळून दिसेनासं झालं, तेच घेतलं. थर पातळ, आणि मानेलाही लावला. भुवया कोरून बारीक केल्या नाहीत, तपकिरी पेन्सिलीने जरा भरून घेतल्या. खरी जादू डोळ्यांची. लायनर फक्त वरच्या पापणीला, आतल्या कोपऱ्यात केसाएवढं बारीक, बाहेर येताना जाड. शेवटी खालच्या पापणीच्या रेषेतच, भुवईच्या टोकाच्या दिशेने छोटीशी शेपटी. एक डोळा पुरा करून मग दुसरा घेतला, तर दोन्ही सारखे होत नाहीत. थोडं इकडे, थोडं तिकडे करत जायचं. काजळाची पेन्सिल मात्र प्रत्येकीची वेगळी, नाहीतर एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात. ओठांना गडद लाल, कडा रेखीव. मग चंद्रकोर, नथ, अंबाड्यावर गजरा.

पोरीने आरशात बघितलं आणि पदर कमरेला खोचला. आम्ही काय ते समजलो.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. 1932 साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. बाईचं काम बाईकडे आलं. पण बाईचा चेहरा रंगवायचा कुणी? पुरुषांनीच. त्यांत मोठे कलावंत होते, यात शंका नाही. आपले पंढरीदादा जूकर घ्या, नर्गिस आणि मीनाकुमारी यांचे चेहरे त्यांनी रंगवले. पण मुंबईच्या सिनेमात रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियमच असा होता, की बाईला केशभूषेचं कार्ड मिळेल, रंगभूषेचं नाही. केस बांधायला बाई चालते, मग तोंड रंगवायला का चालू नये? चारू खुराना ही रंगभूषाकार हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं, बाई आहे म्हणून काम नाकारणं घटनेत बसत नाही.

हिशेब करा मैत्रिणींनो. बाई पडद्यावर आली, त्यानंतर शंभर वर्षांनी तिला हातात ब्रश धरून रंगपटात जायचा हक्क मिळाला, तोही कोर्टात भांडून.

आम्ही हे त्या पार्लरवाल्या ताईंना सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी बारा वर्षं जे करतेय, त्याला कुणी बंदी घातली होती?" आणि दुकानाच्या पाटीवर नावापुढे त्यांनी नवीन शब्द लिहून घेतला, 'रंगभूषाकार'.

तुमच्या गावात नवरी सजवणारी, गॅदरिंगला पोरं रंगवणारी एखादी असेलच. तिला ही गोष्ट सांगा. आणि तिला "मेकअप येतो हो तिला" असं म्हणू नका. तिच्या कामाचं नाव घ्या, आणि कामाचे पैसे वेळेवर द्या.

येतो आम्ही. नमस्कार.