तोफेचा आकडा आणि इब्राहिमखान गारदी

दिवाळीच्या सुटीत पुण्याचा भाचा महाबळेश्वरला आला की आमच्या घरात लढाया सुरू होतात. पोरगा अकरावीत आहे. दोन वर्षांपासून त्याला 'एम्पायर: टोटल वॉर' या संगणकावरच्या युद्धखेळाचे वेड लागले आहे. खेळ जुना, २००९चा. अठराव्या शतकातल्या सत्तांमध्ये त्यात मराठेही आहेत, म्हणून आपल्याकडची मुले अजून तो खेळतात. या वेळी त्याने एका बाजूला मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ ठेवले, समोर जबरदस्त घोडदळ असलेली फौज उभी केली आणि तिला नाव दिले पानिपत. चार वेळा खेळला, चारही वेळा हरला.

पाचव्या वेळी तो खेळाच्या आतल्या तक्त्यांत शिरला. हौशी मुले असे करतात हे मला तेव्हा कळले. प्रत्येक पलटणीपुढे रकाने असतात: तोफेचा पल्ला, नेम, पुन्हा भरायला लागणारा वेळ, शिपायांची हिंमत. त्याने तोफेचा नेम दुप्पट केला आणि दहा मिनिटांत अब्दालीचा धुव्वा उडवला. "मामू, देखो, पानिपत जिंकलो!"

मी चष्मा लावून तो तक्ता पाहिला. माझी नजर तोफेवर थांबलीच नाही. गारदी पलटणीच्या हिमतीचा आकडा त्याने सगळ्यात खाली ठेवला होता. का, विचारले, तर म्हणाला, "भाडोत्री होते ना ते. मुसलमान होते, समोर पण मुसलमान. पळणारच."

हे त्याला कुणी शिकवले ते मी विचारले नाही. पण ती सुटी मग त्या दोन आकड्यांतच गेली.

आधी तोफेचा आकडा. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आंबेनळी घाटाने प्रतापगडला गेलो. आमच्या गावापासून जेमतेम तासाभराचा रस्ता. बुरुजावर उभे राहून खाली जावळीचे खोरे दाखवले. इथे १६५९च्या नोव्हेंबरात अफजलखान वाईचा तळ मागे ठेवून रडतोंडीचा घाट उतरून पारला आला. विजापूरच्या तोफखान्याचा तेव्हा दक्षिणेत दबदबा होता. पण झाडीने गच्च भरलेल्या या दरीत तोफ डागायची कुणावर? मैदानावर हजार माणसांना थोपवणारी तोफ इथे बैलांना ओझे. त्या दिवशी कामाला आली ती गडावरची तोफ, आणि तिने कुणाला मारले नाही. भेटीचा निकाल लागल्यावर गडावरून तोफेचा आवाज झाला आणि रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांना इशारा मिळाला, असे बखरी सांगतात. "हिचा नेम किती लिहिशील?" मी विचारले. पोरगा हसला. (त्याच गडाखाली महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत एक सिद्दी इब्राहिम होता, हेही जाता जाता सांगून टाकले. मास्तरकीची खोड.)

दख्खनच्या लोकांना तोफेचा 'आकडा' बदलायची कला फार आधीपासून ठाऊक होती. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने ओतली. वजन ५५ टनांच्या घरात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ साली मुरार जगदेवाने विजापूरला नेली. अशी तोफ एकदा जागेवर बसली की बसली. उलट १५६५च्या तालिकोटच्या लढाईची हकीकत पाहा. शत्रू अगदी अंगावर आल्यावर निजामशाही तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान याने गोळ्यांऐवजी तांब्याच्या पैशांच्या थैल्या तोफांत ठासल्या, असे फरिश्ता लिहितो. तोफ तीच, दारू तीच. आत काय भरले आणि शत्रू किती अंतरावर असताना बत्ती दिली, एवढ्याने रणांगण बदलले.

आणि पानिपतावर नेमके हेच अंतर नडले.

इब्राहिमखान गारदी निजामाच्या नोकरीत फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला. कवायती पायदळ आणि मैदानी तोफखाना एकमेकांना धरून कसे लढवायचे, हे त्याने तिथे शिकून घेतले. 'गारदी' हा शब्दही फ्रेंच 'गार्द'वरून आला असे मानतात. पुढे तो पेशव्यांकडे आला. १७६०च्या फेब्रुवारीत उदगीरला त्याच्या तोफांनी त्याच्याच जुन्या धन्याची, निजामाची, फौज कोंडीत पकडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुंजपुऱ्याची गढी पडली, तिथेही त्याचाच तोफखाना होता. पानिपतावर मराठ्यांनी छावणीभोवती खंदक खणला आणि त्यामागे तोफा मांडल्या. दोन महिन्यांहून जास्त काळ अब्दालीने त्या खंदकावर थेट चालून यायचे टाळले. म्हणजे इथपर्यंत आकडा मोठा होता.

१४ जानेवारी १७६१च्या सकाळी मात्र उपाशी माणसे आणि हडकलेले बैल घेऊन त्याच तोफा खंदकाबाहेर काढाव्या लागल्या. बेत असा की गोल रचून, तोफांच्या आडोशाने, यमुनेच्या रोखाने सरकायचे. शुजाउद्दौलाच्या चाकरीतला काशीराज पंडित हा दख्खनी माणूस तेव्हा अब्दालीच्या गोटात होता. त्याने लिहून ठेवले आहे की मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या, त्यांचे तोंड सहज खाली-वर करता येत नव्हते. शत्रू जवळ येत गेला तसे गोळे त्याच्या डोक्यावरून जाऊन मागे दूरवर पडू लागले. गोलंदाजाचा हात वाईट नव्हता, लोखंड वाकत नव्हते. (आज 'गोलंदाज' म्हटले की मुलांना क्रिकेट आठवते. तो शब्द मूळचा या तोफांवरच्या माणसांचा.) अफगाणांकडे उंटांच्या पाठीवरच्या हलक्या सुतरनाळा होत्या. गोळा लहान, पण उंट जिथे बसवाल तिथे तोफ. दुपारनंतर त्यांनी फार नुकसान केले.

भाच्याला मी म्हटले, तुझ्या तक्त्यात लांबचा पल्ला आहे. जवळचा पल्ला कुठे आहे? बैल कुठे आहेत?

त्यात भर पडली आपल्याच घोडदळाची. डाव्या बाजूला गारदी रोहिल्यांना भिडले होते, आणि गोलाची शिस्त ठरलेली होती. तरी विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार त्यांच्या शेजारून पुढे धावले, असे बहुतेक इतिहासकार सांगतात. समोर आपलीच माणसे असल्यावर बत्ती कशी द्यायची? गनिमी काव्यात वाढलेल्या स्वाराला तोफेच्या मागे थांबणे जड गेले असेल. मी त्यांना दोष देणार नाही. दोन वेगळ्या रीती एका दिवसात एकत्र नांदत नाहीत.

आता दुसरा आकडा. पोरगा ज्याला 'हिंमत' म्हणतो तो.

काशीराजाच्याच बखरीत एक प्रसंग आहे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांना भेटला. आपल्या माणसांचा महिन्याचा पगार वेळेवर मिळावा म्हणून तो कायम अडून बसायचा आणि भाऊ त्यावर रागवायचे. त्या सकाळी तो म्हणाला, त्याचा मतलब असा: पगारावरून आपण नाराज होतात, आज पाहा आम्ही तो फुकट घेतला की नाही. मग दोन तुकड्या बाजूला तोंड करून ठेवल्या, बाकीच्यांना बंदुकीला संगीन लावायला सांगितले आणि रोहिल्यांवर चालून गेला. रोहिल्यांचे हजारो लोक तिथे पडले. त्याच्या पलटणी जवळपास संपल्या. तो स्वतः जखमी होऊन हाती लागला आणि कैदेत मेला.

पळाले का गारदी? पळायला उरले किती होते?

मराठी वाचकाच्या मनात गारदी म्हणजे १७७३ सालचा शनिवारवाडा आणि नारायणरावाचा खून, हे मला माहीत आहे. पण त्या मारेकऱ्यांत मुहम्मद इसफ होता, तसे सुमेरसिंग आणि खरकसिंगही होते. पगाराची थकबाकी आणि राघोबादादांचे राजकारण बाजूला ठेवून तो डाग एका जातीच्या माथी मारता येत नाही. तसेच पानिपतावर शुजाउद्दौलाच्या गोटात गोसावी लढत होते आणि भाऊंच्या गोटात इब्राहिमखान. नावावरून बाजू ठरवायची तर त्या दिवशीची निम्मी माणसे चुकीच्या ठिकाणी उभी दिसतील.

भाऊबीजेच्या रात्री पोराने पुन्हा तक्ता उघडला. तोफेचा नेम मूळ जागी नेला, पल्ला कमी केला, दारूगोळा निम्मा केला. गारद्यांची हिंमत सगळ्यात वर चढवली, अगदी हुजुरातीच्या बरोबरीला. नकाशावर घोडदळ तोफांपुढे ठेवले. आम्ही दोघे खेळलो आणि हरलो. डावी बाजू सगळ्यात शेवटी संपली.

"मामू," तो म्हणाला, "यात पगाराचा रकानाच नाही."

पुण्याला परत गेल्यावर त्याचा फोन आला. आता तो उदगीर बसवतोय.