शस्त्र, सभा आणि न्यायालय : प्रस्तावना

बंदुकीच्या कायद्याचा अभ्यास वर्धा जिल्ह्यापासून सुरू करा म्हटले की ऐकणारा हसतो. सेवाग्राम आणि पवनार जिथे आहेत, तिथे पिस्तुलाचे काय काम? पण पुलगावचे लष्करी दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात आहे, आणि रानडुकरांनी, रोह्यांनी उभे पीक लोळवले की इथला शेतकरीही परवान्याच्या बंदुकीची गोष्ट काढतो. शस्त्र अधिनियम, 1959 ला त्याची अडचण ठाऊक आहे. पीकरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा कलम 13 मध्ये वेगळा विचार केलेला आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. हे शस्त्र सदऱ्याखाली लपते, आणि कोर्टात, सभेत, जत्रेत कुणाच्या नजरेस न पडता पोचते. आपला विषय नेमका तिथला आहे.

नवा विद्यार्थी आधी कलम शोधतो. कोर्टात पिस्तूल नेऊ नये, असे सांगणारे स्वतंत्र कलम 1959 च्या कायद्यात नाही. बंदी वेगवेगळ्या कागदांत विखुरलेली आहे, आणि त्यांतला सर्वांत वरचा कागद खुद्द संविधान आहे. अनुच्छेद 19(1)(ख) नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क देतो, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. म्हणजे सभेची मोकळीक आणि शस्त्राची मनाई एकाच वाक्यात आली आहे.

हे सहज झालेले नाही. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना मोकळे सोडले. त्याचा सल मोठा होता. म्हणूनच काँग्रेसने 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामथ मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे वर्धा तेव्हा ज्या प्रांतात होते त्याच प्रांतातले. सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तो सांगतील, असे म्हणत डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारली. मला आंबेडकरांचे पटते; पण कामथांच्या मागे अर्धशतकाहून जुना अपमान उभा होता, हे विसरून ती चर्चा वाचू नये.

संविधानाखालचा कागद म्हणजे परवाना. जिल्हादंडाधिकाऱ्याची सही सगळे पाहतात, छापील अटी फारसे कुणी वाचत नाही. 1962 च्या नियमांतल्या परवान्याच्या नमुन्यात स्पष्ट अट होती: खास परवानगीशिवाय हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येणार नाही. 2016 च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवण्याचे बंधन घातले आणि ते परजण्यास मनाई केली. 2019 च्या दुरुस्तीने लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे.

तिसरा कागद वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर भेटतो: ‘जिल्ह्यात कलम 37 लागू’. सण, मोर्चा किंवा निवडणूक आली की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली हा आदेश निघतो. त्यात बंदुका, तलवारी, भाले, सुरे आणि लाठ्या एकाच यादीत येतात. निवडणुकीत परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. पूर्वी हे सरसकट होई. 2009 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करणारी छाननी समिती आली. आपल्या विषयातली ही दुर्लक्षित पण महत्त्वाची पायरी आहे.

न्यायालयांच्या बाबतीत कायदा घटनांच्या मागून चालत आला. नागपूरच्या न्यायालयात 13 ऑगस्ट 2004 रोजी जमावाने अक्कू यादव या आरोपीला ठार केले. तिथे पिस्तूल नव्हते, सुरे आणि तिखट होते. पण दारावर कोण काय तपासतो, हा प्रश्न तेव्हाच विदर्भाच्या दारात आला होता. 24 सप्टेंबर 2021 रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात वकिलाच्या वेशातल्या दोघांनी भर कोर्टात गोळ्या झाडून एका कैद्याला मारले. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना राज्यांचे गृहखाते आणि पोलीस यांच्याशी बोलून सुरक्षा आराखडे करण्यास सांगितले. अमेरिकेत उलटे आहे. तिथे शस्त्र हा हक्क आहे, तरी 2022 च्या ब्रूएन निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालये, विधिमंडळे आणि मतदान केंद्रे यांना संवेदनशील जागा मानून बंदी मान्य केली.

या साऱ्यावरून माझे मत असे झाले आहे की आपला परवान्याचा कायदा पक्का आहे आणि दारावरच्या झडतीचा कच्चा. परवान्याची अट परवानाधारकालाच बांधते. गावठी कट्टा कमरेला लावणाऱ्याच्या खिशात परवाना नसतोच. आणि झडतीलाही दुसरी बाजू आहे. गांधीजींच्या प्रार्थनासभेत 20 जानेवारी 1948 ला झालेल्या बॉम्बस्फोटानंतर तिथे येणाऱ्यांची झडती घेण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. दहा दिवसांनी त्याच सभेच्या वाटेवर पिस्तुलाच्या गोळ्या सुटल्या. सभा खुली हवी की तपासलेली, याचे उत्तर आजही कुठल्या नियमात तयार मिळत नाही.

तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, गावातल्या वार्ताहरांनी, ग्रामसभा चालवणाऱ्या सरपंचांनी या विषयात जरूर यावे. अधिनियमाचे जाड पुस्तक नंतर उघडा. आधी एखाद्या परवान्याच्या अटी वाचा, मग जिल्ह्यात लागलेला कलम 37 चा ताजा आदेश, आणि मग आपल्या तालुक्याच्या कोर्टाच्या फाटकावर अर्धा तास उभे राहून आत जाणाऱ्यांना कोण, काय विचारतो ते लिहून काढा.