‘गांडूळखत’ : एका सामासिक शब्दामागील इतिहास

मराठीतील खतांची जुनी नावे पाहिली असता त्यांत एक समान रचना आढळते. शेणखत, लेंडीखत, सोनखत या समासांतील पूर्वपद खताचे द्रव्य सांगते. सोनखतात ते द्रव्य केवळ सभ्यतेच्या आवरणाखाली आले आहे, इतकेच. ‘गांडूळखत’ हा शब्द मात्र या पंक्तीत बसत नाही. येथे पूर्वपद द्रव्याचे नसून कर्त्याचे आहे. हा अपवाद कसा निर्माण झाला, आणि त्यामुळे परसबागेतील व्यवहारात कोणता घोटाळा उद्भवतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गांडूळ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘गण्डूपद’ याच्याशी जोडला जातो. अमरकोशात हा शब्द वारिवर्गात, जळू, शिंपला व शंख यांच्या शेजारी येतो. रसशास्त्रात हाच प्राणी ‘भूनाग’ होतो आणि त्याच्यापासून धातुसत्त्व काढण्याची प्रक्रिया वर्णिली जाते. एका ठिकाणी तो जलचरांत गणला गेला, दुसऱ्या ठिकाणी औषधिद्रव्यांत. जमिनीच्या कसाशी त्याचे नाते या दोन्ही ठिकाणी सांगितलेले नाही.

ते नाते शास्त्रीय पायावर मांडले चार्ल्स डार्विनने, १८८१ साली. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते, असा त्याचा अंदाज होता. परंतु डार्विनचे गांडूळ शेतातले आहे, उकिरड्यातले नव्हे.

उकिरड्याचे शास्त्र वेगळ्या वाटेने आले आणि त्यातील महत्त्वाचा टप्पा होळकरांच्या इंदुरात गाठला गेला. तेथील वनस्पति-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कुजवणीची पद्धती सिद्ध केली. तीवरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होत. शेण, काडीकचरा, माती व राख यांचे थर देऊन आणि ढीग वेळोवेळी परतून सुमारे ३ महिन्यांत खत तयार होई. हे कार्य सूक्ष्मजीवांचे. त्यांच्या क्रियेने ढिगात जी उष्णता निर्माण होते, तीत गांडूळ जगू शकत नाही. हॉवर्डना गांडुळाचे महत्त्व अमान्य होते असे नव्हे. डार्विनच्या ग्रंथाच्या १९४५ च्या आवृत्तीस प्रस्तावना त्यांचीच आहे. तथापि त्यांच्या पद्धतीत गांडुळाचे स्थान तयार खत जमिनीत गेल्यानंतरचे होते.

हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले. भारतात १९८० नंतर गांडूळपालनाचा प्रसार झाला. पुण्यात उदय भवाळकर यांनी या विषयास वाहिलेली संस्था उभारली. खड्ड्यात वापरली जाणारी प्रमुख जात ‘आयसेनिया फेटिडा’ ही मूळची थंड प्रदेशातील, पालापाचोळ्यात व शेणात राहणारी. उलट, ‘लॅम्पिटो मॉरिटी’ यासारख्या आपल्याकडील जाती जमिनीत बिळे करतात. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी परदेशी जातीस विरोध करून स्थानिक गांडुळाचा जो पुरस्कार केला, त्या वादाचे मूळ या भेदात आहे. एकाच शब्दाखाली दोन भिन्न कामकरी आले, हे त्यातून उघड होते.

या भेदाचे मोल अवर्षणप्रवण प्रदेशात विशेष जाणवते. धाराशिव जिल्ह्यातील, तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटसारख्या गावी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. अशा वेळी स्थानिक गांडूळ खोल ओलाव्याकडे सरकून निश्चेष्ट पडून राहते व पावसाबरोबर वर येते. विकत आणलेल्या आयसेनियाला ही विद्या अवगत नाही. ऊन्हात तापलेल्या वाफ्यात ती सोडणे म्हणजे ती गमावणेच होय. परसातील सावलीच्या, ओलसर गोणपाटाने झाकलेल्या खड्ड्यात मात्र ती उत्तम काम करते. तेथेही ताजे शेण घालून चालत नाही. ते आधी कुजून निवावे लागते. म्हणजे प्रथम इंदुरी ढिगातील सूक्ष्मजीवांचा पाळा, मग गांडुळाचा.

तात्पर्य, ‘गांडूळखत’ या समासाने खताच्या कर्त्यास प्रथमच नाव मिळवून दिले, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु त्या नावात ढीग आधी निववणारे सूक्ष्मजीव नाहीत, आणि खत जमिनीत गेल्यावर ते मातीत कालवणारे स्थानिक गांडूळही वेगळे ओळखू येत नाही. परसबाग करणाऱ्याने शब्द एकच ठेवावा. कामकरी मात्र तीन मोजावेत.