कोडे (लोकवाङ्मय)

कोडे : नित्याच्या वस्तूचे नाव न घेता तिच्या खुणा सांगायच्या व त्यांवरून ती ओळखायला लावायची, असा मौखिक खेळ व लोकवाङ्मयाचा एक प्रकार. उखाणा, उमाणे, हुमाण, आहणा ही त्याची इतर नावे. लग्नकार्यात नाव घेताना म्हणतात तो उखाणा वेगळा.

स्वरूप : कोडे घालणारा खोटे बोलत नाही. प्रत्येक खूण खरी असते, पण ती ऐकणाऱ्याला भलतीकडे नेते. उदा., ‘मूठमूठ खाते, पण पोट भरत नाही, दात नाहीत, तरी बारीक चावते, दिवसभर फिरते, पण जागा सोडत नाही.’ खाणे, चावणे, फिरणे ही कामे सजीवाची, म्हणून ऐकणारा आधी जनावर शोधू लागतो. शेवटच्या खुणेपाशी तो अडतो आणि मग जात्यापर्यंत पोचतो. उत्तर कळताच सर्व खुणा बिनचूक जुळल्या पाहिजेत. एखादी जरी लागू पडली नाही, तरी कोडे कच्चे ठरते. रॉबर्ट जॉर्जेस व ॲलन डंडीस या अमेरिकन लोकसाहित्याभ्यासकांनी १९६३ मध्ये कोड्यांचे दोन गट केले : खुणांमध्ये परस्परविरोध असलेली आणि नसलेली. जात्याचे कोडे पहिल्या गटातले.

प्रकार : (१) रूपकात्मक : दातांना चिरे, चांदण्यांना लाह्या, चंद्राला रुपया म्हणणारी कोडी. (२) नकारात्मक : खूण सांगून लगेच तिचा सोपा अर्थ खोडून काढणारी. नारळावरच्या प्रसिद्ध संस्कृत श्लोकात त्याला तीन डोळे दिले आहेत, पण तो शंकर नव्हे असेही बजावले आहे. (३) अक्षरकोडी : यांत वस्तूऐवजी शब्द फोडतात. उदा., ‘तीन अक्षरी नाव, पाण्यात फुलते, पहिले अक्षर काढले तर घाण, मधले काढले तर वेदना’ (कमळ). (४) हिशेबी कोडी : यांत गणित दडवलेले असते.

परंपरा : ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ वे सूक्त कूटप्रश्नांसाठी प्रसिद्ध आहे. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर यक्षाच्या प्रश्नांना उत्तरे देऊन भावांचे प्राण परत मिळवतो. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेचा (कोड्याचा) समावेश आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्शात तिचे सोळा प्रकार सांगितले असून मित्रमंडळींतील करमणूक, चारचौघांत गुप्तपणे बोलणे व दुसऱ्याला चकवणे हे तिचे उपयोग मानले आहेत. कवी अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्या नावावर असलेल्या हिंदवी पहेल्यांपैकी (कोड्यांपैकी) काहींत उत्तराचा शब्द ओळीतच लपवलेला असतो. मराठी संतांनीही अध्यात्म सांगण्यासाठी कूटरचना केल्या.

खेळण्याची रीत : शेंगा फोडणे, धान्य निवडणे, खुरपणी अशा हात गुंतलेले पण तोंड मोकळे असलेल्या कामांत आणि रात्री ओसरीवर कोडी रंगतात. दोघे किंवा दोन गट आळीपाळीने कोडी घालतात. ‘सांगा पाहू’, ‘ओळखा पाहू मी कोण?’ असे आव्हान पुष्कळदा कोड्यातच असते. उत्तर येईना, तर आणखी एखादी खूण मागतात. तरीही जमले नाही, तर ‘हरलो’ म्हणावे लागते व त्याशिवाय उत्तर फोडले जात नाही. यमक व ठेका असल्यामुळे कोडी लिहून न ठेवताही पाठ राहतात.

महत्त्व : मुलांची निरीक्षणशक्ती व शब्दसंग्रह वाढवण्यासाठी शाळांतून व बालमासिकांतून कोड्यांचा वापर होतो. ओळखायची वस्तू ऐकणाऱ्याच्या पाहण्यातली असावी, ही या खेळाची मूळ अट. त्यामुळे जाते, मोट, रहाट, उखळ वापरातून गेल्यावर त्यांवरची कोडी नव्या पिढीला सुटेनाशी झाली, तर पंखा, मोबाईल यांवर नवी कोडी तयार झाली. जुन्या कोड्यांत या अवजारांचे आकार, आवाज व कामाची पद्धत टिकून असल्याने ग्रामीण भौतिक संस्कृतीच्या अभ्यासाला ती उपयोगी पडतात.